शिडीच्या डावीकडे

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात चारशे तेरा प्रकारचे सुटे भाग होते, आणि कुठला भाग कुठे आहे हे साऱ्या कारखान्यात एकाच बाईंना ठाऊक होतं. त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणत. अठरा वर्षं त्या स्टोअरच्या जाळीच्या खिडकीमागे उंच स्टुलावर बसत आल्या होत्या. खिडकीशी येऊन कुणी "चार नंबरचं सील" म्हणेपर्यंत सील समोर आलेलं असे. वीज गेली तरी बाईंचं काही अडत नसे. अंधारात हात घालून त्या पितळी वॉशर काढत आणि वर "मोजून घ्या, बारा आहेत" असं बजावत.

फक्त एक गोष्ट त्यांना जमत नसे. एखादी वस्तू कुठे आहे ते सांगणं. कुणी विचारलंच तर त्या हनुवटी जराशी उचलत आणि म्हणत, "तिथे." विचारणारा त्या हनुवटीच्या रोखाने बघे, तर समोर चाळीस फळ्या आणि दीडशे खण. मग बाईच उठत, वस्तू काढून देत आणि लोकांना साधं दिसत कसं नाही म्हणून नवल करत. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत असे. आपल्यावाचून कुणाचं पान हलत नाही हे कुणाला आवडत नाही?

घरीही तोच प्रकार. पण घरी सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"आई, साखर तिथे आहे," बाई म्हणत.

"तिथे म्हणजे कुठे? तुझी हनुवटी दिसण्याचे माझे दिवस संपले, सूनबाई. तोंडाने सांग."

सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा हुकली. बाईंचे यजमान बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने बाहेर. ऑपरेशननंतर आठवडाभर दिवसातून सहा वेळा डोळ्यांत थेंब घालायला घरात कुणीतरी हवं. लेक शिक्षिकेचं शिक्षण घेत होती आणि तिच्या परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात. म्हणजे राहिल्या बाई. आणि बाईंना रजा मिळत नव्हती, कारण त्या गेल्या तर वॉशर कोण शोधणार? दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, मी काय पेपर वाचणार आहे?" दुसऱ्या वेळी हे म्हणताना त्यांनी कपाऐवजी शेजारच्या बशीतच चहा ओतला आणि रिकामा कप ओठाला लावला. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

तिसरी तारीख गुरुवारची होती. ती हुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी चार महिने थांबण्यात शहाणपणा नाही.

बाई अर्ज घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. साहेब नवे, परमुलखातले, इथल्या भाषेतला एकही शब्द त्यांना येत नव्हता. सगळं काम इंग्रजीतून. माणूस वाईट नव्हता, पण नेमका होता. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत.

"आठ दिवस?" साहेब म्हणाले. "मुख्य कचेरीतून बदलीचा माणूस मागवतो. पण त्याला वस्तू सापडायला हव्यात. तुम्ही प्रत्येक भागाचं एक कार्ड करा. त्यावर तो भाग कुठे आहे ते लिहा. इंग्रजीत, कारण त्याला तुमची भाषा येत नाही. सोमवारी तो येईल. मी त्याला दहा चिठ्ठ्या देईन. अर्ध्या तासात दहाही वस्तू सापडल्या तर तुमची रजा मंजूर."

"आणि नऊ सापडल्या तर?" बाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"दहा," साहेब म्हणाले.

बाई घरी आल्या त्या चारशे तेरा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पिशवीत घालून. त्यांचं इंग्रजी म्हणजे भागांची नावं आणि यस सर, नो सर. लेकीने मात्र बाह्याच वर सारल्या. तिला वर्गात शिकवायचा सराव हवा होता, आणि आयती विद्यार्थिनी घरात चालून आली होती. तिने लाल पेन्सिलसुद्धा आणली.

"आई, सांग. छत्री कुठेय?"

"बिहाइंड द डोअर."

"बरोबर. पण दारामागे किती जागा आहे बघ. तिथे झाडू आहे, पिशव्या आहेत, बाबांचे बूट आहेत. छत्री दाराला अगदी चिकटून आहे ना? मग म्हण, राइट बिहाइंड द डोअर."

बाईंनी दार ढकलून पाहिलं. छत्री खरोखरच दाराला चिकटून होती. एवढ्याशा शब्दाने ती नेमकी जागच्या जागी बसली, जशी टाचणी लावावी तशी. बाईंना गंमत वाटली. पुढचे तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. घड्याळ आरशाच्या वर नव्हतं, जस्ट अबव्ह द मिरर होतं. पिठाचा डबा नुसता वर नव्हता, हाय अप ऑन द टॉप शेल्फ होता. वाण्याचं दुकान रस्त्याच्या शेवटाला नव्हे, तर हाफवे डाउन द स्ट्रीट. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, जिना उतरताना बाई पुटपुटत. शेजारीण एकदा काळजीने विचारून गेली की, बाई कुणाशी बोलतायत?

सासूबाईंनाही नाद लागला. लेक वस्तू लपवायची, बाई इंग्रजीत जागा सांगायच्या, आणि सासूबाई उठून चाचपत शोधायच्या. सांगितलेलं चुकलं की सासूबाईंचा हात रिकामा यायचा. याहून कडक परीक्षक कुठून आणणार?

शनिवारी संध्याकाळी लेकीने चष्म्याची डबी लपवली. बाई ठसक्यात म्हणाल्या, "राइट नेक्स्ट टू द स्टूल." सासूबाई निघाल्या, आणि जिथे स्टूल असायचं तिथे हात फिरवू लागल्या. स्टूल मात्र लेकीने बसायला म्हणून खिडकीशी नेलं होतं. सासूबाईंनी हवेत दोनदा चाचपलं, मग गुडघा खाटेला आपटला आणि त्या खालीच बसल्या.

"लागलं का हो आई?" बाई धावल्या.

"लागलं नाही, राग आला. तुझं ते राइट आणि नेक्स्ट ठीक आहे. पण ज्याला पाय आहेत त्याच्या शेजारचा पत्ता कुणाला सांगू नये. स्टूल फिरतं, खुर्ची फिरते, माणूस तर फिरतोच. मला भिंतीपासून सांगत जा. दारापासून, खिडकीपासून सांग. तीन वर्षं मी या घरात भिंती धरून चालते आहे."

"बरं आई," बाई म्हणाल्या आणि त्यांचा गुडघा चोळू लागल्या. ते त्यांनी घरापुरतं लक्षात ठेवलं. स्टोअरचा आणि या बोलण्याचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. अठरा वर्षांच्या अनुभवाने माणसाचे कान जरा बंदच होतात.

रविवारी कारखाना उघडून बाईंनी कार्डं पुरी केली. मोठे फिटर सोबतीला होते. फिटर म्हणजे दारातून वाकून येणारा माणूस, हात पाण्याच्या टाकीएवढे आणि मन मऊ. बाईंची तारीख दोनदा हुकली याचं त्यांना बाईंइतकंच वाईट वाटलं होतं, कारण दोन्ही वेळा ज्या तातडीच्या पंपांपायी बाईंची रजा अडली ते त्यांच्याच हातात होते. संध्याकाळी बाईंनी शेवटचं कार्ड खणात सरकवलं आणि म्हणाल्या, "फिटरदादा, आता देवाला काळजी." बोलताना जीभ अडखळली इतक्या त्या दमल्या होत्या.

"तुम्ही जा घरी," फिटर म्हणाले. "मी जरा झाडून घेतो. बाहेरचा माणूस येणार, जागा बरी दिसायला हवी."

सोमवारी सकाळी बदलीचा माणूस आला. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं. साहेबांनी त्याच्या हातात दहा चिठ्ठ्या दिल्या, बाईंना जाळीच्या खिडकीबाहेर बाकावर बसवलं, आणि घड्याळ काढलं. बाईंनी आत यायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. फिटर काहीतरी काम काढून आसपासच घुटमळत होते.

पहिली चिठ्ठी बेअरिंगची. माणसाने कार्ड काढलं, वाचलं, तीन पावलं गेला आणि बेअरिंग घेऊन आला. दुसरी रबरी कड्यांची, तीही आली. तिसरी गॅस्केटची, तीही आली. सहा मिनिटं झाली होती. बाईंनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

चौथी चिठ्ठी लहान स्प्रिंगची होती. माणसाने कार्ड वाचलं. मोठ्याने वाचलं. "जस्ट टू द लेफ्ट ऑफ द लॅडर, हाय अप ऑन द टॉप शेल्फ." तो शिडीपाशी गेला, डावीकडे वळला, आणि समोर कोरी भिंत. त्याने पुन्हा वाचलं. पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग शिडीच्या मागे वाकून पाहिलं, खाली पाहिलं, आणि कार्ड उलटं करून पाहिलं.

बाई अर्ध्या उठल्या. शिडी कोपऱ्यात होती. त्यांची लोखंडी शिडी, जिची चाकं गंजून अठरा वर्षं एका जागी रुतलेली होती, जी हलू शकते हेच कारखाना विसरला होता, ती कोपऱ्यात उभी होती. हिरवा रंग लावलेली. चाकांना तेल घातलेलं.

बाईंनी मान वळवून फिटरांकडे पाहिलं. फिटरांचा चेहरा पडला.

"वाटेत होती बाई," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, जरा मोकळं दिसेल."

शिडी म्हणजे बाईंच्या स्टोअरचं नाक. चेहऱ्यावर सगळं नाकाच्या डावी-उजवीकडे असतं, तसं त्यांना सगळं शिडीच्या डावी-उजवीकडे दिसत असे, कारण अठरा वर्षं त्या शिडीवर उभं राहूनच त्यांनी फळ्या भरल्या होत्या. चारशे तेरा कार्डांपैकी एकशे सव्वीस कार्डांत शिडी होती. ती सारी एका रात्रीत खोटी पडली. बाईंच्या कानात सासूबाईंचं शनिवारचं वाक्य वाजलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

माणूस चौथ्या चिठ्ठीपाशीच अडकला होता. आणखी नऊ मिनिटं गेली. उरली पंधरा, आणि चिठ्ठ्या सात.

बाई उठून साहेबांसमोर गेल्या. एरवी त्यांना इंग्रजी वाक्य जुळवायला मिनिट लागे. आता ते आपोआप बाहेर आलं. "सर, शिडी हलवली. कार्डं चुकली. चूक माझी. मला बोलू द्या."

साहेबांनी शिडीकडे पाहिलं, ओल्या रंगाकडे पाहिलं, फिटरांच्या हिरव्या बोटांकडे पाहिलं. मग थोडा विचार करून म्हणाले, "रजेत तुम्ही इथे नसाल. पण घरी फोन असेल. माझ्या केबिनमध्ये बसा आणि फोनवर सांगा. इथून स्टोअर दिसतं, तिथून दिसणार नाही. घड्याळ मात्र चालूच राहील."

हे न्यायाचं होतं. बाई केबिनमध्ये गेल्या, साहेब मागोमाग आले. फोन लागला. पलीकडून माणूस म्हणाला, "स्मॉल स्प्रिंग. व्हेअर?"

"देअर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हनुवटी उचलली.

"व्हेअर?" माणसाने पुन्हा विचारलं. साहेब बाईंच्या हनुवटीकडे बघत राहिले. फोनमधल्या माणसाला ना त्या दिसत होत्या, ना त्यांची हनुवटी. त्याच्या दृष्टीने हे सारं अंधारच होतं. आणि मग त्यांना जाणवलं की अशा अंधारातल्या माणसाला त्या रोजच वाट दाखवतात. रोज सकाळी साखरेच्या डब्यापर्यंत, रोज संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत. डोळे मिटून त्या मनाने स्टोअरच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही दारात जा," त्या म्हणाल्या. मग त्यांचं इंग्रजी चालू लागलं, तोडकंमोडकं, पण पाय घट्ट रोवून. "खिडकी स्ट्रेट अक्रॉस फ्रॉम द डोअर. बरोबर? आता उजवी भिंत. भिंतीवर घड्याळ. राइट अंडर द क्लॉक, हाय अप ऑन द टॉप शेल्फ. लाल डबा."

पावलांचा आवाज. काहीतरी सरकलं. "रेड बॉक्स," माणूस म्हणाला. "येस."

मग थांबायला वेळच नव्हता. मोठा वॉशर जस्ट बिलो द विंडो, दुसऱ्या खणात. दट्ट्याची रबरं हाफवे अप द लेफ्ट वॉल, जिथे विजेची नळी भिंतीत शिरते तिथे. पितळी झडप दाराच्या चौकटीला चिकटून, राइट बाय द डोअर, खाली. बाईंनी शिडीचं नावही घेतलं नाही. त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे भिंती उभ्या होत्या, आणि शिडीवाचून त्या भिंती किती मोकळ्या आणि ठाम दिसत होत्या याचं त्यांना इतक्या गडबडीतही नवल वाटलं. एकदा त्या चुकल्या, डावं म्हणायच्या जागी उजवं म्हणाल्या, आणि लगेच "नो, नो, सॉरी, आई" असं म्हणून गेल्या. पलीकडच्या माणसाने काही विचारलं नाही. त्याला बहुधा ते एखाद्या सुट्या भागाचं नाव वाटलं असावं.

दहावी वस्तू खिडकीत आली तेव्हा साहेबांच्या घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. त्यांनी अर्जावर सही केली, पेन टोपण लावून उंचीप्रमाणे जागेवर ठेवलं, आणि म्हणाले, "गुरुवारपासून. पण त्याआधी ती कार्डं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. बाहेर फिटर टोपी हातात घेऊन उभे होते.

"बाई, काय वाट्टेल ते बोला. मीच गाढव."

बाईंना बोलायचं होतंच. रात्रभर जागून लिहिलेल्या कार्डांपायी त्यांच्या जिभेवर बरंच काही साठलं होतं. पण तोंड उघडल्यावर वेगळंच निघालं. "तुम्ही काल हलवली म्हणून बरं. माझ्या रजेत कुणीतरी हलवलीच असती, आणि मी दवाखान्यात बसले असते. आता उभे काय राहता? पुसून टाका हातांचा रंग आणि कार्डं वाचायला बसा."

सोमवार, मंगळवार, बुधवार त्यांनी एकशे सव्वीस कार्डं नव्याने लिहिली. दिवसा फिटर वाचून दाखवत, संध्याकाळी लेक लाल पेन्सिल फिरवे. सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत, "मी म्हटलं होतं" असंही म्हणाल्या नाहीत. फक्त "किती कार्डं?" असं विचारलं, आणि आकडा ऐकून समाधानाने मान हलवली. ते म्हटल्याहून वाईट होतं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. बाई दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, हातात फोन. फोन वाजला नाही. दुपारी त्यांनी तो चालू आहे ना हे पाहिलं. चार वाजता पुन्हा पाहिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या कामावर नव्हत्या, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. हे तर हवंच होतं. तरी मनात कुठेतरी टोचलंच, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली. दुसऱ्या डोळ्याची पाळी नंतर होती. परिचारिका बाजूला झाली. सासूबाईंनी पापणी दोनतीनदा मिटली, उघडली, खिडकीकडे पाहिलं, मग छताकडे.

"सूनबाई कुठेय?"

"अगदी तुमच्यासमोर, आई."

सासूबाईंनी बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू एखादं कार्ड नीट वाचून घ्यावं. मग हात पुढे केला आणि न चाचपता थेट बाईंच्या कपाळावरच्या केसांना लावला.

"हे कधी झाले पांढरे? मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही साखरच विचारत होतात," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी डोळे पुसून घाईघाईने उचलला. काय अडलं असेल? सील? झडप? मनाने त्या एका क्षणात दारापर्यंत जाऊन उभ्यासुद्धा राहिल्या.

"बाई, मी फिटर. सगळं मिळालं हो, कालही आणि आजही. तो माणूस हुशार आहे. एकच विचारायचं होतं. वरच्या फळीसाठी शिडी घेतली होती. आता ती परत कुठे ठेवू? कार्डांत काही लिहिलेलं नाही."

सासूबाई एका डोळ्याने बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. बाईंची हनुवटी सवयीने जराशी वर उचलली गेली, आणि मग खाली आली.

"कुठेही ठेवा, दादा," त्या म्हणाल्या.